भिंतीवरची रानकोंबडी

घुग्घुस
१८ नोव्हेंबर २०२४

संघे,

सलाम, जयभीम, अन् आता बोलणे खाय.

दिवाळीत तू घरी आली तवा मी बसून बसून तुह्या मोबाईलमध्ये एवढे वेबकॉमिक, म्हणजे मोबाईलवरच्या चित्रगोष्टी, टाकून देल्ले. म्हटलं, तिकडं जंगलात पोट्टीले नेटवर्क नाई, सबसेंटरच्या क्वार्टरात एकटी राह्यते, वाचंल. अन् तू एटापल्लीच्या मीटिंगमधून फोन करून काय सांगतं? "लसीकरणाच्या फोटोले जागा नव्हती वं, उडवून टाकलं." उडवून टाकलं! अवं माय, मी रडू का हासू?

तुले सांगून काई उपयोग नाई, तरी सांगते. माह्यं 'हे वाच वं' पेज पाहणारे कोण? माह्या दोन खाला, एक मामू, अन् अब्बाच्या दुकानात फॉर्म भराले येणारे पोट्टे, तेबी फॉर्म लवकर व्हावा म्हणून लाईक करते. मी दिवसभर झेरॉक्स मारते, लोकाइचे फोटो लहान करून देते, अन् मधात मधात पेजवर सांगाले नवीन चित्रगोष्टी शोधते. कोणी पोट्टी आपल्या आजीच्या मागाची गोष्ट काढून राह्यली, कोणी ट्रकवाला धाब्यावर बसून सवारीचे चित्रं काढते. हिऱ्यासारखी माणसं, अन् पाहाले कोणी नाई. मोबाईल मले काय दाखवते? हळदीतले नाच. अब्बा म्हणते, "आफ्रीन, फॉर्मात जन्मतारीख चुकली, कार्टून पाहून राह्यली का?" त्याइले कार्टून अन् हे वेगळं आहे, हे समजावून माह्यं डोकस्कं दुखलं.

अन् आता आईक. मले एक सापडलं. 'चोचीत मावंल तेवढं.' आपल्या बोलीत आहे, संघे! पुस्तकातली मराठी नाई, आपली! एक रानकोंबडी आपल्या सासरची गोष्ट सांगते. नवरा बगळा आहे, तासनतास एका पायावर उभा, बोलत काईच नाई. सासू अस्वलीण. ते सुनेले म्हणते, "आमच्या टायमाले आमी कोंबडं आरवाच्या आधी उठत होतो." कोंबडी म्हणते, "सासूबाई, आता कोंबडंच घरात आणलं तुमी, मंग उठा ना तुमीच." मी दुकानात गिऱ्हाइकाच्या समोर फिदीफिदी हासली. काढणारीनं नाव देल्लं नाई, फक्त 'रानकोंबडी' लिव्हते. पाहणारे नावाले.

तू मोबाईलवर वाचत नाई ना? घे मंग, कागदावर वाच. हे मोबाईलवर वरून खाली लांबच लांब असते, म्हणून मी तोडून तोडून साध्या कागदावर छापलं. पानाइले नंबर टाकले. वरून खाली चिकटवजो. दर भागाच्या खाली "छापजान नका, मोबाईलातच पाहा" असं लिव्हलं आहे, ते चोरट्याइसाठी असंल. मी काई विकून नाई राह्यली. ते ओळ पानात मावतबी नव्हती, कापून टाकली.

वाचलं नाई तं माह्याशी बोलू नको.

आफ्रीन


कोंदावाही, ता. एटापल्ली
९ डिसेंबर २०२४

प्रिय आफ्री,

तुझं पाकीट बाजाराच्या दिवशी मिळालं. शिव्या पोचल्या. तूही एकदा इथे येऊन राहा म्हणजे समजेल. टॉवर उभा राहून वर्ष होत आलं, त्याच्या सावलीत बकऱ्या बसतात, बाकी काही उपयोग नाही. रिपोर्ट पाठवायचा तर गावामागच्या पहाडीवर चढायचं आणि मोबाईल डोक्यावर धरून उभं राहायचं. वरून साहेब विचारतात, "सिस्टर, रिपोर्टला उशीर का?" मी काय सांगू, वाटेत माकड बसलं होतं म्हणून?

पण आफ्री, वाचलं. खरंच वाचलं. सगळी पानं चिकटवली तर ती क्वार्टरात मावेनात. म्हणून सबसेंटरच्या ओसरीतल्या भिंतीवर छतापासून खालपर्यंत लावून टाकली. तिथे तसंही मलेरियाचं फाटकं पोस्टर होतं. आता तपासणीला येणाऱ्या बाया आधी भिंतीपुढे उभ्या राहतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शाळेतल्या पोरी वाचून दाखवतात. मी इंजेक्शन भरून हाका मारते, कोणी येत नाही.

आता खरी गंमत. त्यात एक टिटवी आहे. गळ्यात पिशवी, दारोदार "हात धुवा, पाणी उकळा" ओरडत फिरते आणि कोणाला झोपू देत नाही. मला आधी राग आला, कोण ही आगाऊ बाई म्हणून. मग पाहिलं तर टिटवीच्या चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीनं बांधलेला. अगं, ती चप्पल माझी! टिटवी म्हणजे मी! मी सगळ्यांना बोलावून दाखवलं, "ही पाहा, ही मी." गावभर सांगितलं. आमचा शिपाई सोमाजी तर आता मला पाठीमागे टिटवीबाईच म्हणतो.

म्हणजे काढणारी इथलीच कोणीतरी. कोण ते कळत नाही. अस्वलीण कोण ते मात्र मला लगेच कळलं. अंगणवाडीत मदतनीस आहे मीराबाई, तोंडानं फटकळ, जीवानं मऊ. हुबेहूब तीच. आणि तीच भिंतीपुढे पोट धरून हसली, "ह्या अस्वलीणीचं तोंड तं माह्या जावेसारखं आहे!" मी पटकन इंजेक्शन भरायला घेतलं. तिची सून सुकरी बरोबर होती, आश्रमशाळेत बारावी शिकलेली हुशार मुलगी. ती मात्र हसली नाही. म्हणे, "भिंतीवरून काढा बाई, पाऊस लागंल." डिसेंबरात कुठला पाऊस? काही माणसांना चित्राची आवडच नसते, काय करणार.

पुढचं पाठव. लोक रोज विचारतात. मी कुष्ठरोग सर्वेक्षणासाठी आतल्या गावांना जाणार आहे, पण सोमाजीला सांगून ठेवते, घुग्घुसचं पाकीट आलं की फोडून नंबरानं लावून टाक म्हणून. त्याला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात.

तुझी टिटवी,
संघप्रिया


घुग्घुस
२६ डिसेंबर २०२४

संघे, माह्ये जानी,

खुदा कसम, तुह्यं पत्र वाचून मी दुकानात नाचली. अब्बा म्हणे, पोट्टीले भूत लागलं.

तुह्या गावातली आहे ते! अन् मी इथी बसून जगभर शोधून राह्यली. मी पेजवर लिव्हलं, "ही रानकोंबडी आपल्या गडचिरोलीची आहे, एटापल्लीकडची, जिथी नेटवर्क पहाडीवर चढून भेटते. लोकहो, वाचा." संघे, ते पोस्ट फिरलं! नागपूरच्या कोणी मोठ्या पेजवाल्यानं उचललं, मंग पुण्याच्या, मंग कोणाच्या कोणाच्या. माह्या जिंदगीत पयल्यांदा अनोळखी माणूस 'हे वाच वं'वर आला. एका बाईनं लिव्हलं, "तुमच्यामुळे हे सापडलं." मी ते अम्मीले वाचून दाखवलं. अम्मी म्हणे, चांगलं झालं, आता जेव.

रानकोंबडीले मी संदेश पाठवला. म्हटलं, तुमचं चित्र तुमच्याच गावात सबसेंटरच्या भिंतीवर लागलं, लोक हासून हासून येडे झाले, मुबारक हो. तिनं पाह्यलं. उत्तर नाई देल्लं. लाजली असंल.

आता तू एक काम कर. शोध तिले. कोण आहे, कशी दिसते, कायनं काढते. मी तिची मुलाखत घेईन.

बाकीचे सगळे भाग छापून पाठवले. सगळे म्हणजे सगळे. मीबी अजून पुरे वाचले नाई, दुकानात परीक्षेच्या फॉर्माची गर्दी आहे. पण छपाई बेस्ट आली आहे. सोमाजीभाऊले सांगजो, उलटं चिपकवू नका.

आफ्रीन


कोंदावाही
२० जानेवारी २०२५

आफ्रीन,

पाकीट मिळालं. यापुढे काही पाठवू नको. भिंत रिकामी केली आहे. ओसरीत कागद लावणं बरोबर दिसत नाही, वरून तपासणी येणार आहे.

काढणारी कोण ते मला माहीत नाही आणि मी शोधणारही नाही. तूही शोधू नको. पेजवर गावाचा पत्ता कशाला टाकलास? मी तुला लिहिलं होतं का की सगळ्यांना सांग म्हणून?

थंडी खूप आहे. खोकल्याचे पेशंट जास्त आहेत. वेळ मिळत नाही.

संघप्रिया


घुग्घुस
५ फेब्रुवारी २०२५

संघप्रिया,

पुरं नाव लिव्हलं, पाह्यलं ना? एवढा राग आला आहे.

तपासणी येणार म्हणून भिंत रिकामी! भैताड समजली का मले? तुह्या त्या भिंतीवर मलेरियाचं फाटकं पोस्टर लटकून होतं तवा नाई आली कोणती तपासणी?

अन् इथी काय झालं माहीत आहे? 'चोचीत मावंल तेवढं' गायब. पुरं पान गायब. एक भाग नाई राह्यला, एक चित्र नाई. मी सकाळी उघडलं तं कोरं. लोक माह्या मागं लागले. "कुठी गेलं? तुमी खोटं सांगत होते का?" एकानं लिव्हलं का मीच पैशासाठी बंद करवलं. दुसरा अर्धवट तुकडे आपल्या नावानं टाकून राह्यला, अन् लोक त्याले वाहवा करून राह्यले! माह्यं रगत उकळून राह्यलं, अन् तू मले खोकल्याच्या पेशंटचं सांगतं.

तुले काईतरी माहीत आहे. तू लपवून राह्यली. लहानपणी माजरीच्या शाळेत तू असंच करत होती. काई झालं का "थंडी खूप आहे" म्हणे.

आईक. माह्याजवळ सगळे भाग आहे. छापाले उतरवून ठेवले होते, दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. एवढं चांगलं काम असं मरू देणार नाई मी. ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी सगळेच्या सगळे 'हे वाच वं'वर टाकून राह्यली, रानकोंबडीच्या नावानं, हात जोडून. ते नाराज झाली तं माफी मागीन. पण जगानं पाहाले पाह्यजे.

तुले काई बोलाचं असंल तं त्याच्या आधी बोल.

आफ्रीन


कोंदावाही
१४ फेब्रुवारी २०२५

आफ्री,

टाकू नको. तुला हात जोडते, टाकू नको. पहाडीवर मोबाईल धरून हे ओरडून सांगता येणार नाही. आणि हे पत्र पोस्टातही टाकत नाही, आलापल्लीला जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हातात देते. तो चंद्रपूरपर्यंत कोणाच्या तरी हाती पोचवेल.

रानकोंबडी म्हणजे सुकरी. मीराबाईची सून. भिंतीवरून काढा म्हणाली होती तीच. मी मठ्ठासारखी पावसाचा विचार करत बसले.

मी सर्वेक्षणाला आत होते तेव्हा तुझं दुसरं पाकीट आलं. मी सांगून ठेवल्याप्रमाणे सोमाजीनं ते नंबरानं लावलं. त्यात एक भाग होता. तू वाचला नाहीस, मी वाचला नाही. त्यात रानकोंबडी दर महिन्याला टिटवीकडून चोरून पांढऱ्या बिया आणते आणि रोज एक गिळते, म्हणजे अंडं होणार नाही. तिला एवढ्यात अंडं नको. बगळ्याला माहीत आहे, तो तिच्या बाजूनं आहे. आणि अस्वलीण बिचारी चुलीजवळ गवत अंथरते, देवाला नवस बोलते, वाट पाहते. वाचताना हसू येतं आणि मग एकदम येत नाही. आफ्री, तो सगळ्यात चांगला भाग आहे.

सातवीतली एक मुलगी तो मोठ्यानं वाचत होती. ओसरीत बाया बसल्या होत्या. मीराबाई अंगणवाडीचा पोषण आहार घेऊन जाता जाता थांबली होती.

त्या गोळ्या मीच देत होते. पाळणा लांबवायच्या. सुकरी माझ्याकडे लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला शब्द दिला होता, हे ह्या खोलीबाहेर जाणार नाही. आणि मीराबाई माझ्याकडे येऊन म्हणायची, "सुनेले काई दवाई दे ना बाई, पोट राहत नाई." मी तिला म्हणायचे, धीर धर, होईल. दोघींना मीच सांभाळत होते.

मी संध्याकाळी परत आले तर मीराबाई पायरीवर बसलेली. भांडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. एवढंच विचारलं, "टिटवी म्हणजे तूच ना, बाई?"

मी काय सांगणार होते? चपलेचा अंगठा दाखवून गावभर मीच सांगितलं होतं. मी टिटवी नसते तर ती अस्वलीण नसती, आणि सुकरीला ती नुसती गोष्ट आहे असं म्हणता आलं असतं. तिची सुटायची वाट मी माझ्या कौतुकापायी बंद केली.

मीराबाई भावाच्या गावी निघून गेली. तिचा मुलगा लालसू, सुकरीचा नवरा, आणायला गेला होता, आली नाही. सुकरी पहाडीवर गेली आणि तीन वर्षांचं काम एकेक करून पुसून आली. लालसू सोबत होता, त्यानंच सांगितलं. खाली आल्यावर ती माझ्याकडे आली, उरलेल्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ठेवा बाई. तुमच्या भिंतीले कामी येईन."

माझ्याकडे चोरून येणाऱ्या बाकीच्या बायाही आता येत नाहीत. कशाला येतील? ज्या दवाखान्यात पोटातलं भिंतीवर लागतं तिथे कोण येणार?

मी तुला सांगितलं नाही, कारण मला लाज वाटत होती. आणि खरं सांगू, तुझा रागही आला होता. "छापजान नका" ती ओळ तू कापलीस. तुला वाटलं चोरांसाठी आहे. ती आमच्यासाठी होती गं. गावात कोणाच्या मोबाईलवर ते दिसणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. कागदावर आलं तर दिसेल, हेही माहीत होतं.

टाकू नको.

संघप्रिया


घुग्घुस
१८ फेब्रुवारी २०२५

संघे,

उडवलं. कॉम्प्युटरमधून, पेनड्राइव्हमधून, मोबाईलमधून. खराब निघालेले कागद दुकानाच्या मागं पेटवले. अब्बानं इचारलं, तं मी अजून एक काडी ओढली.

पण तुह्यावरबी राग आहे मले, सांगून देते. तू जानेवारीतच सांगितलं असतं तं मी लोकाइसमोर हे एवढी बोंबाबोंब केलीच नसती. ते तिकडं पुसून राह्यली अन् मी इकडं "रानकोंबडी कुठी, रानकोंबडी कुठी" करून राह्यली. तिनं ते पाह्यलं असंल तं तिले काय वाटलं असंल? तोबा.

तुकडे टाकणाऱ्या त्या माणसाले मी लिव्हलं, काढून टाक. तो म्हणे, "तू कोण, तुझं आहे का?" खरंच तं आहे. माह्यं नव्हतंच.

सोबत सुकरीसाठी एक चिठ्ठी आहे. माफीची. तू वाचली तरी चालंल. तिच्या हातात देजो. नाई घेतली तं जबरदस्ती करू नको.

आफ्रीन


कोंदावाही
२३ मार्च २०२५

आफ्रीनताई,

मी सुकरी. तुमची चिठ्ठी सिस्टरनं लालसूजवळ देल्ली. मी सिस्टरशी बोलत नाई. म्हणून हे पत्र लालसू एटापल्लीच्या पेटीत टाकंल.

तुमी लिव्हलं का माह्यं काम लय चांगलं होतं. मले माहीत आहे. मले थे सांगाची गरज नव्हती.

चांगलं काऊन होतं थे तुमाले समजलं नाई. पहाडीवर बसून काढत होती तवा मले वाटे, हे पाहणारा कोणी माह्या सासूले वळखत नाई, मले वळखत नाई. म्हणून जे मनात येईन थे काढत होती. घरी तोंड बंद, पहाडीवर तोंड उघडं. तुमी पहाडी उचलून माह्या दारात आणून ठेवली. अन् मले म्हणता, मुबारक हो.

माह्या सासूवर मी हासत होती, पण थ्या चित्रात पाहा, अस्वलीणच सगळ्यात चांगली निघाली आहे. थे मी तिले कधी तोंडानं सांगू शकली नसती. एखाद दिवशी माह्या मनानं दाखवलंबी असतं. कोणतं दाखवाचं अन् कोणतं नाई, थे मी ठरवलं असतं. आता थे राहूनच गेलं. तिले फक्त बियाच दिसल्या.

गोळ्या लालसू दुसऱ्या गावाहून आणते. त्याची चिंता सिस्टरनं करू नाई, असं सांगजा.

तुमी इचारलं, पुन्हा काढान का. काढून राह्यली. नवीन नावानं. कोंबडी नाई, अस्वल नाई, जंगलबी नाई. बोलीबी बदलून टाकली. तुमाले दिसंल तं तुमी वळखान नाई. अन् वळखलंच तं चूप राहजा. मलेबी सांगजान नका का वळखलं म्हणून. तुमी वळखलं हे मले समजलं का मी थेबी पुसून टाकीन.

माफी मागितली, ठीक आहे. मी देल्ली का नाई, थे माह्यं मले अजून माहीत नाई.

सुकरी


घुग्घुस
११ मे २०२५

संघे,

तू इचारलं का पेज बंद केलं का. नाई केलं. पण दोन महिने झाले, एक गोष्ट टाकली नाई. लोक लिव्हते, "ताई, काई वाचाले सांगा ना." आता लोक आहे, अन् सांगाले तोंड नाई. पयले तोंड होतं तवा लोक नव्हते. नशीबच गांडू आहे माह्यं, दुसरं काय म्हणू.

मी आता ठरवलं होतं का पयले काढणाऱ्याले इचाराचं, तुमचं नाव सांगू का, मंगच सांगाचं. दोघाचौघाइले इचारलंबी. ते खूश झाले, हो म्हणे. तरी माह्याच्यानं टाकणं झालं नाई. अन् काऊन झालं नाई ते तुले सांगते. दुसऱ्या कोणाले सांगू शकत नाई.

गेल्या आठवड्यात मले एक सापडलं. उन्हानं दुकानात कुत्रंबी येत नव्हतं, पंखा गरम हवा फेकून राह्यला, मी काउंटरवर डोकं ठेवून मोबाईल सरकवत होती. एकदम उठून बसली. काय आहे, कायच्याबद्दल आहे, कोणत्या बोलीत आहे, ते सांगत नाई. दोन भाग वाचले अन् माह्या आंगावर काटा आला. तिसऱ्या भागात मी हासली, अन् मंग हासणं बंद झालं. तूच लिव्हलं होतं ना, हसू येतं अन् मग एकदम येत नाही. तसंच.

तिचंच आहे का? माहीत नाई. असंल, नसंल. दुनियेत चांगलं काढणारी ते एकलीच थोडी आहे? पण मी तिले इचारू शकत नाई. इचारलं अन् ते तीच निघाली, तं तिले समजन का मी वळखलं, अन् ते पुसून टाकंल. दुसरी कोणी असंल, अन् मी चूप राह्यली, तं तिच्यावर अन्याय. तिले पाहणारे मी सोडून दहा-बारा आहे. ते बिचारी म्हणत असंल, माह्यं कोणी पाहतच नाई. मी एक पोस्ट टाकलं तं उद्या हजारो लोक जातीन. माह्या हातात आहे. अन् मी हातावर हात ठेवून बसली.

अन् दुसरं काई टाकाले गेली तं वाटते, हे टाकलं अन् ते नाई टाकलं, म्हणजे ते टाकासारखं नाई का? मंग तेबी राह्यते.

काल पोस्ट लिव्हलं. पुरं लिव्हलं. मले आतापर्यंत जमलं नाई एवढं चांगलं लिव्हलं, संघे, वाचणारा जेवण सोडून उठला असता. मंग पुसलं. मंग पुन्हा लिव्हलं. अम्मी म्हणे, "पोट दुखते का?" मी म्हटलं, हाव.

पुढच्या महिन्यात तू येशील तवा माह्याजवळून काढून घ्याचा प्रयत्न करशील, मी वळखते तुले. चहा पाजशील, शपथ घालशील. तुह्या गावची आहे का, एवढं तरी सांग, म्हणशील. काई करजो. चांगलं आहे वं, लय चांगलं आहे.

नाव सांगत नाई.

आफ्रीन